ओकिनावाची शस्त्रं खरंच शेतकऱ्यांची होती का?

वेताळटेकडी

मंडळी, कराटेच्या क्लासला गेलेल्या जवळपास प्रत्येकाने ही गोष्ट ऐकलेली असते. १६०९ साली जपानच्या सात्सुमा प्रांतातल्या समुराईंनी ओकिनावा बेट जिंकलं, लोकांची शस्त्रं काढून घेतली. मग तिथल्या शेतकऱ्यांनी घरातली अवजारं उचलली. जात्याचा खुंटा झाला तोन्फा, धान्य झोडपायचा जोडदांडा झाला नुन्चाकू, होडीचं वल्हं झालं एकू. रात्री लपूनछपून सराव करून त्यांनी तलवारवाल्यांना पाणी पाजलं आणि त्यातून कोबुदो, म्हणजे ओकिनावाची शस्त्रविद्या उभी राहिली.

गोष्ट ऐकायला फार छान आहे. आमच्या क्लासमध्ये नवीन मुलांना ती सांगितली की त्यांचे डोळे चमकतात. पण मी स्वतः बो (लांब काठी) आणि साई शिकायला लागल्यापासून मला ती पचत नाही. साई हे अख्ख्या लोखंडाचं त्रिशूळासारखं शस्त्र. भात लावायला भोकं पाडायचं अवजार म्हणून ते आमच्यासमोर ठेवलं जातं. ओकिनावात लोखंडाची खाण नाही, लोखंड बाहेरून यायचं. अशा बेटावर शेतकरी चिखलात भोकं पाडायला असलं घडीव लोखंड वापरेल? तेही जोडीने?

दुसरं म्हणजे काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. बोच्या कात्यांची नावं बघा: साकुगावा नो कोन, शुशी नो कोन, सुएयोशी नो कोन, उरासोए नो कोन. यातली बरीच नावं मानकऱ्यांची किंवा त्यांच्या गावांची आहेत. नांगर धरणारा माणूस यात कुठे दिसत नाही.

तर प्रश्न असा, की ही विद्या नेमकी कोणाची आणि ती आपल्यापर्यंत आली कशी? इतिहासाचे अभ्यासक, जपानवासी, आखाडेवाले, सगळ्यांनी लिहा.

पावशेर

वाचनखूण साठवली. चहा टाकलाय, जाणकार येऊ द्यात.

झुणका_भाकर

मला ही गोष्ट खोटी ठरवायची घाई पटत नाही. कामा म्हणजे विळा, यात शंका आहे का कोणाला? कुवा म्हणजे कुदळ. एकू म्हणजे वल्हं. ही तीन तर शंभर टक्के कष्टकऱ्यांचीच. दरबारी माणूस विळा हातात घेऊन काता रचत बसेल का? राजे आणि सरदार यांच्याच नावाने सगळा इतिहास लिहिला जातो, कारण लिहिता त्यांनाच यायचं. शेतकऱ्याने काय केलं ते कोण नोंदवणार? नोंद नाही म्हणजे घडलंच नाही असं म्हणायला मी तयार नाही.

सनावळी

चांगला विषय. थोडं मागून सुरू करतो, कारण शस्त्रबंदीची गोष्ट १६०९ च्याही आधीची म्हणून सांगितली जाते.

ओकिनावात तेव्हा ऱ्युक्यूचं स्वतंत्र राज्य होतं. शो हाशीने १४२९ मध्ये तीन राज्यं एकत्र केली, राजधानी शुरी. चीनशी मांडलिकीचं नातं, फुचौ बंदराशी सतत ये-जा, आणि त्याच्या जोडीला सयाम, मलाक्का, जावापर्यंत व्यापार. पुढे शो शिन राजा झाला (१४७७ ते १५२६). त्याने सरदारांना आपापल्या गढ्यांतून काढून शुरीत आणून बसवलं. याच राजाने सगळ्यांची शस्त्रं काढून घेतली, हा समज एका शिलालेखावर उभा आहे. १५०९ मध्ये शुरीच्या राजवाड्याच्या दगडी कठड्यावर राजाची स्तुती कोरली गेली. त्यातल्या एका कलमात तलवारी, धनुष्यं आणि बाण यांचा उल्लेख आहे. विसाव्या शतकात इहा फुयू या मोठ्या ओकिनावी अभ्यासकाने त्याचा अर्थ शस्त्रबंदी असा लावला आणि तो जगभर गेला. मूळ मजकूर मात्र सांगतो की राज्याच्या रक्षणासाठी तलवारी आणि धनुष्यबाण साठवले, आणि संपत्तीत व शस्त्रांत या देशाची बरोबरी दुसरे देश करू शकत नाहीत. ही तर शस्त्रागाराची बढाई झाली!

आता १६०९. सात्सुमाच्या शिमाझु घराण्याने सुमारे तीन हजार माणसं पाठवली. ऱ्युक्यूने हात जोडून दार उघडलं नाही. नाहा बंदराच्या तोंडावरच्या गढीवरून तोफा चालल्या. पण सात्सुमाचे लोक जपानातल्या यादवीत मुरलेले, शिवाय बंदुका भरपूर. शो नेई राजाला कैद करून जपानला नेलं, १६११ मध्ये परत पाठवलं.

यानंतर बंदुकांवर बंदी आली हे खरं. पण मानकऱ्यांच्या खासगी तलवारी राहिल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं: गावोगाव फिरणारे समुराई ओकिनावात नव्हतेच. सात्सुमाचे मूठभर अधिकारी नाहात बसायचे. चीनचे राजदूत आले की या अधिकाऱ्यांना उरासोएकडच्या गुसुकुमा गावात लपवलं जायचं, म्हणजे ऱ्युक्यू जपानच्या अंमलाखाली आहे हे चीनला कळू नये. मग शेतकरी विळा घेऊन लढणार कोणाशी? अशी एकही लढाई इतिहासात नाही.

रानवाटा

वर सनावळींनी लिहिलं त्याला एक धागा जोडतो. ‘बिनशस्त्राचं बेट’ ही कल्पना युरोपात कशी पोचली त्याची कथा भन्नाट आहे.

१८१६ मध्ये चीनला गेलेल्या ब्रिटिश वकिलातीची दोन जहाजं, अल्सेस्ट आणि लायरा, ऱ्युक्यूला थांबली. लायराचा कप्तान होता बॅसिल हॉल. तिथले लोक त्याला इतके सौम्य वाटले आणि शस्त्रं इतकी दिसेनात, की यांच्याकडे शस्त्रंच नाहीत असं त्याने मानलं. परतताना १८१७ मध्ये त्याने सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेल्या नेपोलियनची भेट घेतली. हॉलचे वडील ब्रिएनला नेपोलियनच्या शाळेत होते, त्या ओळखीवर भेट मिळाली. शस्त्रं नसलेला देश, युद्ध न माहीत असलेले लोक, हे ऐकून नेपोलियनचा विश्वासच बसेना. हॉलचं पुस्तक १८१८ मध्ये आलं आणि ही प्रतिमा कायमची चिकटली.

परक्या जहाजाला काय दाखवायचं आणि काय झाकायचं यात ऱ्युक्यूचे अधिकारी तरबेज होते. चीनसमोर अख्खा सात्सुमा झाकणाऱ्यांना इंग्रजांसमोर चार तलवारी झाकणं काय अवघड!

पावशेर

नेपोलियन कोबुदोच्या धाग्यात येईल असं वाटलं नव्हतं. चहाचा दुसरा कप.

झुणका_भाकर

@सनावळी, लढाई झाली नाही हे मान्य करू. पण सराव करायला लढाईच कशाला हवी? वाटमारी, चाचे, शेजारच्या गावाशी भांडण, जनावरं. कोळी माणूस होडीत एकटा असतो, त्याच्या हातात वल्ह्याशिवाय काय असतं? दरबाराचं शस्त्र दरबाराचं, पण वल्हं त्यांना देणार नाही!

मोनोरेल

मी नोकरीच्या निमित्ताने नाहात राहतो आणि इथल्या एका छोट्या दोजोत (तालमीत) जातो, म्हणून दोन्ही बाजूंचं थोडं लिहितो.

साईबद्दल वेताळटेकडी बरोबर बोलताय. साई इथे पोलिसी हत्यार म्हणूनच ओळखली जाते. शुरीच्या राज्यात बंदोबस्त आणि धरपकड करणारे अधिकारी ती बाळगत. हातात धरलं की लगेच कळतं का ते. बंद पकडीत मुख्य दांडा मनगटापासून कोपरापर्यंत हाताला चिकटून बसतो, टोक कोपराच्या जरासं पुढे येतं. म्हणजे वरून आलेली काठी सरळ हातावर घेता येते. मग अंगठा बाजूच्या पंखाच्या बेचक्यात दाबायचा, बोटं सैल सोडायची, आणि दांडा गर्रकन बाहेर फिरतो. तोच मार. परत ओढला की मुठीचा गोळा समोर येतो, तो छातीत किंवा जबड्यावर. पंखात काठी किंवा मनगट अडकवून पिळायचं. माणसाला न मारता जेरीला आणायचं हे साधन आहे. जुने लोक तिसरी साई कमरेला खोचत, फेकण्यासाठी. शिवाय इंडोनेशिया, मलेशिया, दक्षिण चीन, सगळीकडे साईची भावंडं सापडतात. व्यापाराच्या वाटेवर जी बंदरं, तिथेच ही शस्त्रं. भाताच्या खाचरातून ती आलेली नाहीत.

आता झुणकाभाऊंच्या बाजूने. एकू खरंच कोळ्यांचं आहे. सबानी नावाच्या इथल्या लाकडी होडीचं वल्हं. त्याचं पातं एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने मधोमध उंचवटा, घराच्या छपरासारखं. त्यामुळे हातात फिरवताना वजन सारखं एका अंगाला ओढतं, बोसारखं सरळ चालत नाही. आमचे सेन्सेई (गुरू) एकूचा काता समुद्रकाठी करून घेतात, कारण त्यात पात्याने वाळू उडवून समोरच्याच्या डोळ्यांत मारायची हालचाल आहे. लाकडी जमिनीवर ती निव्वळ नाच वाटते. वाळूत पाय रुतलेले असताना केली की समजतं, ही हालचाल शुरीच्या दिवाणखान्यात सुचणं शक्य नाही. हा काता त्सुकेन बेटाचा. तोन्फाचा एक प्रसिद्ध काता हामाहिगा बेटाचा. दोन्ही छोटी कोळ्यांची बेटं, ओकिनावाच्या पूर्व किनाऱ्याला.

वेताळटेकडी

मोनोरेल, अंगठ्याचं ते वर्णन वाचून माझ्या अंगठ्याला कळ आली :) आमच्याकडे साई फिरवायला शिकवतात पण बेचक्यात मनगट अडकवणं कोणी दाखवलं नव्हतं. उद्याच करून बघतो.

डॉ_खलबत्ता

नुन्चाकूवर कोणी का लिहीत नाही? लोकांना कोबुदोमधलं तेच एक माहीत असतं आणि माझ्या दवाखान्यात हाताला मार लागून येणारी पोरंही त्याचीच.

सनावळी

@डॉ_खलबत्ता, कारण नुन्चाकूला जुना इतिहास फार थोडा आहे. बो आणि साईला पिढ्यान्‌पिढ्यांचे काते आहेत. नुन्चाकूचे आज शिकवले जातात ते बहुतेक विसाव्या शतकातले, त्यातला ‘माएझातो नो नुन्चाकू’ तर ताइरा शिनकेन यांनी स्वतः रचला. माएझातो हे त्यांचं मूळ आडनाव. ओकिनावातल्या जुन्या मंडळींच्या लेखी हे दुय्यम शस्त्र होतं.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रूस लीच्या चित्रपटांनी सगळं उलटं केलं. त्याला नुन्चाकू दाखवला तो डॅन इनोसांतोने, जो मूळ फिलिपिनी परंपरेतला माणूस. पोरं रस्त्यावर फिरवायला लागली आणि सरकारं घाबरली. न्यूयॉर्क राज्याने १९७४ मध्ये घरात ठेवण्यावरसुद्धा बंदी घातली. ती न्यायालयाने रद्द केली थेट २०१८ मध्ये. ब्रिटनमध्ये तर सेन्सॉरवाले वर्षानुवर्षं चित्रपटांतून नुन्चाकूची दृश्यं कापत होते. ओकिनावात ज्याला धड जुना काता नाही, तेच शस्त्र जगात सगळ्यात बदनाम झालं.

डॉ_खलबत्ता

धन्यवाद. पालकांना एक विनंती, सुरुवातीला फोमचाच नुन्चाकू द्या. कोपराचं हाड आणि समोरचे दात, दोन्ही परत येत नाहीत.

खाकी_निवृत्त

तोन्फाबद्दल माझे दोन शब्द. आमच्या खात्यात आयुष्यभर वेताची लाठी. पण १९७०च्या दशकात अमेरिकेत आडव्या मुठीचा पोलिसी दंडुका आला तो सरळ ओकिनावाच्या तोन्फावरून घेतलेला. तिकडच्या अनेक पोलीस दलांनी तो घेतला. कल्पना चांगली होती, दांडा हातालगत ठेवून मार अडवायचा, कमीत कमी इजा करून माणूस ताब्यात घ्यायचा. वर साईबद्दल लिहिलंय तेच तत्त्व.

पण शिकवलं काय आणि वापरलं काय. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसला रॉडनी किंगला रस्त्यावर पाडून मारतानाची जी फीत जगाने पाहिली, त्यात पोलिसांच्या हातात हेच दंडुके होते. अडवण्याच्या हालचाली त्यात एकही नाहीत, नुसतं झोडपणं. मी स्वतः प्रशिक्षण दिलं आहे म्हणून सांगतो, शस्त्र शिकवायला आठवडा पुरतो, हात आवरायला शिकवायला पूर्ण नोकरी जाते. जुन्या दोजोमध्ये वर्षानुवर्षं एकच काता करून घेतात ते उगाच नाही.

कागलकर

खाकीसाहेब, शेवटच्या ओळीला सलाम.

मी लहानपणापासून मर्दानी खेळ करतो. लाठी, फरी-गदका, दांडपट्टा, विटा. त्यामुळे हा धागा वाचताना मला एकच प्रश्न पडला होता, की शस्त्राची गरज संपल्यावर ही विद्या तिकडे टिकली कुठे? आमच्याकडे इंग्रजांच्या काळात हत्यारं गेली, लढाया संपल्या, तरी तालमीत आणि दसऱ्याच्या, शिवजयंतीच्या मिरवणुकीत खेळ टिकला. गावाने टिकवला. सरदारांची घराणी राहिली बाजूला, पट्टा फिरवणारी पोरं शेतकऱ्यांची आणि गवंड्यांची होती.

ओकिनावात तसं काही आहे का? नुसते दोजो आणि सेन्सेई असतील तर चार घराण्यांत विद्या मरायला वेळ लागत नाही.

मोनोरेल

@कागलकर, आहे! आणि त्याबद्दल बाहेर कोणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं.

ओकिनावातल्या कितीतरी गावांत गावची काठी असते. ‘मुरा-बो’ म्हणतात. सुगीच्या सणाला किंवा चांद्र आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेला गावातले पुरुष रांगेने उतरतात, डोक्याला फडकं, पायाला पट्ट्या, मागे झांज-ढोल-शंख. आधी सगळे मिळून वर्तुळं आणि नागमोडी चाली करतात, मग जोड्याजोड्यांनी काठी खेळतात. प्रत्येक गावाचे डाव वेगळे, आणि शेजारच्या गावाला शिकवत नाहीत. एका गावात मी हे पाहिलं. पांढऱ्या केसांचे आजोबा आणि शाळकरी नातू समोरासमोर होते. नातवाची काठी उशिरा आली तर आजोबा थांबले नाहीत, त्याच्या बोटांवर बसली. पोरगं रडलं नाही, पुढचा डाव बरोबर घेतला. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

या लोकांना कोबुदोच्या संघटना, पट्टे, ग्रेड वगैरेशी देणंघेणं नाही. म्हणून झुणकाभाऊ, शेतकरी या इतिहासात नक्की आहे. समुराईवर धावून जाणारा नाही, सणाला काठी खेळणारा.

झुणका_भाकर

हे आवडलं. मला हाच माणूस हवा होता.

कागलकर

वाह. बोटांवर काठी बसणं म्हणजे आमच्याकडे दीक्षा मिळाल्यासारखं. मोनोरेल, फोटो असतील तर टाका.

मेघना_ना

छान चर्चा चालू आहे. माझी मुलगी ठाण्यात कराटे शिकते, आता तिला बो सुरू करायचाय. पण एक कळलं नाही, कराटे आणि कोबुदो एकच की वेगळे? तिच्या क्लासमध्ये कराटेचे सेन्सेईच बो शिकवतात. आणि इतके सगळे काते गावागावांत विखुरलेले होते तर ते एकत्र कोणी केले?

सनावळी

मेघनाताई, मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे तुम्ही बरोबर आणलंत. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, आणि तो चारशे वर्षांपूर्वीचा नाही, गेल्या शतकातला आहे.

जुन्या काळी वेगळे असे दोन विषय नव्हते. शुरीचा माणूस रिकाम्या हातांनी लढायला शिकायचा तसा काठीही शिकायचा. साकुगावाचं नाव कराटेच्या वंशावळीत येतं आणि बोच्याही. १८७९ मध्ये जपानने ऱ्युक्यूचं राज्य खालसा करून ओकिनावा प्रांत केला. दरबार गेला, मानकऱ्यांचे तनखे गेले. कराटेला नवीन घर मिळालं, ते शाळेत शिरलं. शस्त्रांना शाळेत जागा नव्हती. म्हाताऱ्या माणसांबरोबर काते संपायला लागले.

तेव्हा याबिकू मोदेन नावाचे एक शाळामास्तर पुढे आले. १९११ मध्ये त्यांनी या विद्येच्या अभ्यासासाठी मंडळ काढलं आणि म्हाताऱ्यांच्या दारात जाऊन काते शिकून घेतले. त्यांचे शिष्य ताइरा शिनकेन. जन्म १८९७, कुमे बेटावरचा. तरुणपणी खाणीत काम करताना ढिगाऱ्याखाली सापडून पाय मोडला, त्यावरून चिडवणूक सोसली. १९२२ मध्ये तोक्योत फुनाकोशी गिचिन यांच्याकडे कराटे सुरू केलं, १९२९ पासून याबिकूंकडे शस्त्रं. १९३२ मध्ये गुन्मा प्रांतात इकाहो या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात दोजो काढला. शितो-र्‍यूचे संस्थापक माबुनी केन्वा, कराटेतलं मोठं नाव, यांच्याकडेही ते शस्त्रं शिकले. १९४० मध्ये ताइरा ओकिनावाला परतले.

आणि मग १९४५. ओकिनावाच्या लढाईत दोन लाखांवर माणसं मेली, त्यात सामान्य ओकिनावी माणूस प्रचंड संख्येने होता. शुरीचा राजवाडा, कागदपत्रं, घरं, सगळं गेलं. ज्या म्हाताऱ्यांकडून अजून शिकायचं राहिलं होतं त्यातले कितीजण वाचले असतील, विचार करा. ताइरा वाचले. १९५५ मध्ये त्यांनी जतनासाठी संस्था काढली, १९६४ मध्ये या विद्येवर ग्रंथ लिहिला, १९७० मध्ये गेले. त्यांनी मागे ठेवलं ते आठ शस्त्रं आणि चाळीसच्या वर काते. आकामिने एइसुके आणि इनोउए मोतोकात्सू या शिष्यांनी ते पुढे नेलं.

हा माणूस नसता तर आज तुमच्या मुलीला ठाण्यात शिकायला बोचा काता कदाचित नसता. म्हणून मला शेतकऱ्याची दंतकथा नुसती सांगून पुढे जाणं खुपतं. खऱ्या माणसांची नावं तिच्याखाली दबतात.

मोनोरेल

सहमत, पण मातायोशी घराणं राहिलं! मातायोशी शिनको (१८८८ ते १९४७) यांची तऱ्हाच वेगळी. तरुणपणी उत्तरेकडे निघाले ते होक्काइदो, साखालिन, मांचुरिया करत चीनमध्ये भटकले, वाटेत जे भेटलं ते शिकत गेले. त्यामुळे त्यांच्या परंपरेत तिन्बे म्हणजे ढाल, तीन जोडांची काठी, नुन्ती अशी चिनी वळणाची शस्त्रं भरपूर. १९१५ मध्ये तोक्योत त्यांनी ओकिनावाची शस्त्रं दाखवली, फुनाकोशींच्या १९२२ च्या गाजलेल्या कराटे प्रात्यक्षिकाच्याही सात वर्षं आधी. मुलगा शिनपो यांनी नाहात कोदोकान दोजो उभारला आणि १९९७ पर्यंत शिकवलं. अमेरिकेचा अंमल १९७२ पर्यंत होता, त्यामुळे इथल्या तळांवरचे सैनिक दोजोंमध्ये यायचे आणि तेच ही विद्या परदेशात घेऊन गेले.

वेताळटेकडी

सनावळी, ताइरांच्या पायाची हकीकत मला माहीत नव्हती. पुढच्या बॅचला मी सुरुवात तिथूनच करणार.

पण दरबारी लोक ही शस्त्रं वापरत याला राज्याच्या काळातलाच काही लेखी पुरावा आहे का? तो मिळाला तर झुणकाभाऊ आणि मी दोघंही निवांत झोपू.

सनावळी

आहे, आणि फार सुंदर आहे. १८६६ मध्ये चीनचे राजदूत शो ताई या शेवटच्या राजाला राजपद बहाल करायला आले. त्याच्या आनंदाप्रीत्यर्थ १८६७ मध्ये शुरीच्या ओचाया गोतेन या राजाच्या बागवाड्यात कुमेमुराच्या लोकांनी कार्यक्रम केला. कुमेमुरा म्हणजे नाहातली चिनी वंशाच्या विद्वानांची आणि दुभाष्यांची वसाहत. त्या कार्यक्रमाची पत्रिका शिल्लक आहे. त्यात कविता-वाचन, संगीत यांच्या रांगेत वेताची ढाल, साई आणि काठीची जोडी, ढाल आणि काठीची जोडी, एकट्या साईचा प्रयोग, फिरत्या जोडाची काठी, आणि रिकाम्या हातांचे काते अशा बाबी आहेत. करणाऱ्यांची नावंही आहेत, पेचिन दर्जाचे मानकरी लोक. ज्यांच्याकडून पुढे कराटेच्या परंपरा निघाल्या त्यातल्या आरागाकींचं नावही त्यात सापडतं.

बघा, काय चित्र आहे. राजवाडा, सण, विद्वान मंडळी, आणि मधोमध साई-काठी. लपूनछपून काही नाही, राजाच्या घरी, छापील पत्रिकेसारखी यादी करून.

झुणका_भाकर

ठीक, राजवाडा तुमचा. वल्हं, विळा आणि गावची काठी आमची. चालेल?

सनावळी

चालेल. वाटणी मान्य!

पावशेर

तहनामा झाला. नेपोलियनला कळवा.

मेघना_ना

सगळ्यांचे आभार. शेवटचं व्यावहारिक विचारते. मुलगी चौथीत आहे, तिला बो किती लांबीचा आणि कशाचा घ्यावा? दुकानात एक रंगवलेली, टोकाला चकचकीत पत्रा लावलेली काठी दाखवली.

कागलकर

ताई, पत्रावाली अजिबात नको, ती मिरवायची. वेताची घ्या. वेत आपटून खराब झाला तरी पिंजतो, चिरफळ्या उडत नाहीत, डोळे वाचतात. दोन्ही टोकांना कापडी चिकटपट्टी गुंडाळा. आठवड्यातून एकदा जवसाचं तेल पुसा.

मोनोरेल

लांबीचं: मोठ्यांचा बो साधारण १८० सेंटीमीटर, मधे जाड आणि टोकांकडे निमुळता, इथे ओक लाकडाचा. मुलीला तिच्या उंचीइतका किंवा चार बोटं जास्त. पहिलं वर्षभर शुशी नो कोनच्या आधीचे मूळ मार आणि अडवणं, एवढंच करू द्या. फिरवाफिरवी मागाहून आपोआप येते.

@कागलकर, मुरा-बोचे फोटो आहेत, पण गावकऱ्यांना विचारून मगच टाकेन.

वेताळटेकडी

विचारूनच टाका. आणि मोनोरेल, तिन्बेवर एक वेगळा धागा काढाच. कासवाच्या पाठीची ढाल आणि आखूड भाला, हे आमच्या क्लासमध्ये कोणीच हातात घेतलेलं नाही. डाव्या हाताचं काम नक्की काय असतं, ते साईसारखं सविस्तर लिहा.